उसनं पाचट

ब्राह्मणपुरीत कौसाबाईंशी सगळे जरा जपूनच बोलत. साठीतल्या बाई उसाची शेती एकहाती बघायच्या, आणि चेहरा इतका भोळा ठेवायच्या की आपली फजिती झाली हे समोरच्याला घरी गेल्यावरच कळायचं.

यंदा गावात एक संस्था आली. तोडणीनंतर उसाचं पाचट, म्हणजे वाळका पाला, जाळायचं नाही, शेतातच कुजू द्यायचं. त्यातून मातीत किती कार्बन साठला ते ड्रोनच्या फोटोंवरून आणि संगणकातल्या पिकाच्या गणितावरून, म्हणजे मॉडेलवरून, काढायचं आणि शेतकऱ्याला मोबदला द्यायचा. संस्थेत काम करणारी लोणखेड्याची रोहिणी हे सभेत समजावत होती, तेव्हा कौसाबाई पहिल्या रांगेत होत्या. शेजारचे हिलालभाऊ भिंतीला टेकून घोरत होते. यादीत पहिलं नाव मात्र त्यांचंच लागलं.

ड्रोन यायच्या आदल्या दिवशी हिलालभाऊ कौसाबाईंच्या बांधावर आले.

"वहिनी, दोन ट्रॉल्या पाचट द्या ना. नंतर परत करी देसू."

"तुन्हं कोठे गयं, भाऊ?"

"चुकीसन आग लागी गयी."

पंधरा दिवसांपूर्वी हेच गृहस्थ पेटती चूड घेऊन सऱ्यांमधून फिरताना बाईंनी पाहिले होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "लई जाय. कोपरासमा बी नीट पसर. ड्रोनले सगळं दिखस."

दिवस मावळेपर्यंत हिलालभाऊ कंबर मोडून पाचट पसरत राहिले.

सकाळी ड्रोन हिलालभाऊंच्या रानावर दोन घिरट्या घालून उतरला. रोहिणी टॅबलेटकडे बघतच राहिली. "आबा, आज इथे पाचट आहे. पण पंधरा दिवसांपूर्वीच्या सॅटेलाइटच्या फोटोत सगळं रान काळं आहे. आमचं मॉडेल गोंधळलंय."

"सॅटेलाइटनं कोनी सांगं?"

"सभेत मीच सांगितलं. दर पाच दिवसांनी वरून फोटो येतो."

हिलालभाऊ सावकाश बांधावर उभ्या कौसाबाईंकडे वळले. "तुमले माहीत व्हतं?"

"मी जागी व्हती ना, भाऊ."

यंदापुरतं हिलालभाऊंचं नाव यादीतून गेलं. पाचट परत करायचं, तर तोवर रानाला दिलेलं पाणी पिऊन ते जड झालेलं. पुन्हा गोळा करायला कंबर तयार नव्हती, आणि जाळायची आता सोय उरली नव्हती. ते तिथंच राहिलं.

वैशाखात पाचट जाळलेली रानं तडकली. हिलालभाऊंच्या रानात पाचटाखाली ओल टिकली आणि त्यांची मोटर आठवडाभर बंद राहिली. याबद्दल त्यांनी कुठे अवाक्षर काढलं नाही.

दूध डेअरीवर चार माणसं जमलेली बघून कौसाबाईंनी काळजीनं विचारलं, "मोटर बिघडी गयी का, भाऊ?"

"नही," हिलालभाऊ किटलीत बघत म्हणाले. "चालू शे."