बाजाराच्या दिवसापर्यंत

आमची मुलगी दवाखान्यात भरती असली की मी मोबाईलवर खरेदी करायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. ती पलंगावर, हातात सुई, वर सलाईनची बाटली, आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून पोळ्यांचे डबे पाहून राहिलेली. नागपूरच्या धंतोलीतला तो दवाखाना आम्हाला आता सासर-माहेरासारखा पाठ आहे. लिफ्ट कधी बंद असते, खालचा चहावाला किती वाजता उठून जातो, सगळं माहीत आहे.

तिला सिकलसेल आहे. आमच्या विदर्भात घरोघरी सापडतं हे दुखणं, तरी आपल्या घरी येईपर्यंत कोणी नाव घेत नाही. माझ्या रक्तात थोडं होतं, नवऱ्याच्या रक्तात थोडं होतं, आम्हा दोघांना कधी साधा ठसका लागला नाही. पोरीच्या वाट्याला मात्र पूर्ण आलं. लग्नाआधी आमच्या पत्रिका जुळवल्या, गुण मोजले, नाड बघितली. रक्त तेवढं कोणी तपासलं नाही. अजूनही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. थंडी वाजली, पाणी कमी पडलं, ताप आला की तिच्या रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन नसांमध्ये अडकतात आणि हाडं दुखायला लागतात. असं दुखतं की ती रडतही नाही, नुसती कण्हते.

मी सकाळी एका खाजगी शाळेत शिकवते, दुपारी घरी शिकवण्या घेते. नवरा औषध कंपनीचा प्रतिनिधी, आठवड्यातले निम्मे दिवस वर्धा-यवतमाळकडे. दुकानात जायला वेळ कोणाला होता? म्हणून फोन. भाजी चिरायचं यंत्र, पडदे, केसांचे बँड, बाटल्या, बाटल्यांचे ब्रश. पार्सल आलं, पुठ्ठा फाडला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दवाखान्याच्या रिपोर्टच्या पाकिटातून कधी चांगलं काही निघालं नाही, या खोक्यातून निदान डबा तरी निघायचा.

एकदा शाळेतल्या एका बाईंनी डोक्यात भरवलं की गांधीबागेच्या कापड बाजारात ठोकमध्ये घेतलं तर पैसा वाचतो. गेले. एक फ्रॉक आवडला, निळा, खिशावर बदक. व्यापारी म्हणाला, मॅडम, सेट तुटत नाही, पाचही माप घ्यावे लागतील. मी तिथल्या तिथे हिशेब केला की आता लहान माप, पुढच्या वर्षी त्याच्या वरचं, असं करत बारा वर्षांची होईपर्यंत फ्रॉकची चिंता मिटली. पैसे वाचवले या आनंदात पाच फ्रॉक घेऊन घरी आले. दोन हिवाळे गेले तरी तिला सगळ्यात लहानच माप येत होतं. या मुलांची वाढ हळू होते, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. नवऱ्याने एक दिवस उरलेले चार फ्रॉक उचलले आणि वरच्या कप्प्यात ढकलून दिले.

मग बोनमॅरोची, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर बदलून दुखणं कायमचं घालवायची गोष्ट निघाली. डॉक्टर म्हणाले, करायचं असेल तर लवकर करा, आतले अवयव चांगले आहेत तोवर. वडिलांचा मॅरो अर्धा जुळतो, तेवढ्यावर आता होतं. मोठ्या शहरात जावं लागेल, तिथे काही महिने राहावं लागेल. थोडं सरकारी योजनेतून मिळेल, बाकी तुमचं तुम्हाला. आकडा ऐकून आम्ही लिफ्टची वाट न पाहता जिना उतरलो.

घरी आल्यावर नवऱ्याने माझं कपाट उघडलं. न फाडलेली पार्सलंसुद्धा होती त्यात. तो ओरडला असता तर परवडलं असतं.

"हे सगळं पोरीच्या रक्तासाठी ठेवलं असतं तर?" एवढंच म्हणाला.

मी सोडते काय! तुम्ही चार दिवस टूरवर, इथे मी एकटी मरून राहिली, शाळा, शिकवण्या, दवाखाना, स्वयंपाक, एक डबा घेतला तर एवढं काय आभाळ कोसळलं, असं बरंच काही सुनावलं. घसा बसेपर्यंत भांडले. मग पलंगावर बसले आणि फोनमधली सगळी खरेदीची दुकानं एकेक करून काढून टाकली.

पण फोनमधून काढलं म्हणून डोक्यातून निघत नाही. हात सारखा फोनकडे जायचा. तेव्हा मला आमच्या घरची रीत आठवली. माझं माहेर नरखेड तालुक्यातलं, वडिलांची संत्र्याची बाग. आठवडी बाजार शेजारच्या मोठ्या गावात भरायचा. रिबीन हवी, पाटी फुटली, चप्पल तुटली, काही असो, बाबांचं उत्तर एकच.

"पाहू वं पोरी, बाजाराच्या दिवशी."

नाही कधी म्हणायचे नाहीत. पण बाजाराचा दिवस येईपर्यंत अर्धी हौस आपोआप मरायची, आणि उरलेली खरी असायची. आमच्याकडे दवाखानाही बाजाराच्याच दिवशी असायचा. एसटीचं तिकीट एकदाच काढायचं, त्यात भाजी आणायची, पंपाचा पट्टा आणायचा, दात काढून घ्यायचा, ताप दाखवायचा. एकदा माझा कान ठणकत होता, मीसुद्धा बाजाराच्या दिवसाची वाट पाहत बसले, आणि एसटीत चढेपर्यंत कान वाहायला लागला. ही गोष्ट मी मुलीला हसवत हसवत सांगायची. आई लहानपणी किती सहन करायची, याचं पोरांना फार कौतुक असतं. तिला ती इतकी आवडायची की जेवताना मुद्दाम सांगायला लावायची.

तर आमच्या घरीही बाजाराचा दिवस ठरला. रविवार. जवळच बाजार भरतो. सोमवार ते शनिवार कोणी काही घ्यायचं नाही, मागायचं नाही, काय हवं ते मनात ठेवायचं. रविवारी सकाळी अजून हवं वाटलं तरच सांगायचं. आणि काय सांगू, जादू झाल्यासारखं झालं. पैसा मागे पडायला लागला. वेगळं खातं काढलं, त्यात दर महिन्याला टाकायला लागलो. मी तर अशी फुशारले की शाळेच्या स्टाफरूममध्ये दुसऱ्यांना उपदेश करायला लागले, आणि त्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या.

सगळ्यात शहाणी निघाली ती आमची मुलगी. शाळेत सगळ्या पोरींकडे चमकीचे पेन आले होते. ते तिला हवे आहेत हे मला दिसत होतं, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही. रविवारी मीच विचारलं तर म्हणाली, आता नको वाटून राहिले. मी तिला जवळ घेतलं. नातेवाईक म्हणायचे, किती समजदार पोरगी आहे तुमची. पैसे कशासाठी जमवतो हे आम्ही तिला सांगितलं होतं. दुखणं तिचं आहे, तिला माहीत असावं, असं आमचं मत. एकदा भरती झाली तेव्हा नवरा फोनवर त्याच्या भावाला म्हणाला होता की या महिन्याचं सगळं सलाईनमध्ये गेलं. ती झोपली आहे असं आम्हाला वाटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात नागपूरची थंडी एकदम उतरली. गुरुवारी ती शाळेतून आली आणि पोळी अर्धी टाकून उठली. भूक नाही म्हणाली. माझी शिकवणीची पोरं दारात उभी होती. शुक्रवारी ती गोधडी घेऊन भिंतीला टेकून बसलेली. कपाळाला हात लावला, गरम नव्हतं. दुखतंय का विचारलं तर मान हलवली, नाही. शनिवारी नवरा टूरवरून आला, त्यानेही विचारलं, त्यालाही नाही. खेळायला गेली नाही तर म्हणाली, बाहेर थंडी आहे. खरीच तर होती थंडी. आम्हाला काय, उलट बरं वाटलं की पोर स्वतःला जपते.

रविवारी सकाळी मी पिशव्या काढत होते. ती स्वेटर घालून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. ओठ पांढरे होते.

"आई, आज बाजार आहे ना?"

मी म्हटलं, हो बेटा, काय आणायचं?

"काही नाही आणायचं. सांगायचं होतं. छातीत दुखून राहिलं. गुरुवारपासून." मग थांबत थांबत म्हणाली, "मी थांबून पाहिलं. पण गेलं नाही."

हातातल्या पिशव्या कुठे पडल्या मला माहीत नाही. नवऱ्याने तिला उचललं, ती पाठीवर हात लावू देत नव्हती, श्वास घेताना खांदे वर जात होते. गाडीत मी मागे तिला धरून बसले. वाटेत तिने मला विचारलं की भरती व्हावं लागेल का. मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

आमचे डॉक्टर तिला ती रांगत होती तेव्हापासून ओळखतात, मोठ्याने कधी बोलत नाहीत. त्या दिवशी आयसीयूच्या बाहेर, चार लोकांसमोर ओरडले. छातीत दुखलं की एक तासही थांबायचं नाही, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं? तुम्ही शिकलेली माणसं, काहून घरी बसून राहिले इतके दिवस? नवरा भिंतीकडे पाहत उभा. मग मीच सांगितलं, बाजाराचा दिवस, रविवार, सगळं. ते म्हणाले, आजारी लेकरू असलेल्या घरात असा नियम कोण करतं?

मला असा संताप आला, त्यांचा, बाबांचा, त्या कानाच्या गोष्टीचा, माझा.

"तुमच्याच बोनमॅरोसाठी पैसे जमवून राहिलो होतो, डॉक्टर," मी म्हटलं.

ते वळले. आत निघून गेले.

तिला श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. रक्त बदललं. नळ्या, मॉनिटर, दारातल्या काचेतून दिसणारे तिचे पाय, इतके बारीक की पांघरुणाखाली आहेत की नाही कळू नये. वेगळ्या खात्यातलं सगळं त्यात गेलं, वरून दिराकडून आणावे लागले. पैसे गेल्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते. वाईट याचं वाटलं की शुद्धीवर आल्यावर तिने बापाला आधी तेच विचारलं. किती गेले?

ती घरी आली. जिवंत आली, देवाची कृपा म्हणायची. पण एका फुप्फुसावर डाग राहिला आहे. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते. बोनमॅरोचं डॉक्टर आता म्हणतात, वर्षभर थांबू, फुप्फुस कसं राहतं ते बघू, मग ठरवू. तेव्हा लवकर करा म्हणत होते. आम्ही पुन्हा शून्यापासून जमवायला लागलो आहोत. मी काही घेत नाही. घ्यावंसं वाटतही नाही, त्यात आता कोणतीच फुशारकी उरलेली नाही.

रविवारचा नियम मोडीत काढला. नवऱ्याने आणि मी तिला समोर बसवून सांगितलं की दुखणं म्हणजे पेन नाही, ते मनात ठेवायचं नसतं. वर्गात, झोपेत, परीक्षेत, कधीही दुखलं तर त्या मिनिटाला सांगायचं, पैशाचं आम्ही बघू. तिने सगळं ऐकलं. हो म्हणाली. समजदार आहे ना. या शब्दाचा मला आता तिटकारा आला आहे.

रोज सकाळी वेणी घालताना मी विचारते, दुखतं का कुठे? ती लगेच उत्तर देत नाही. आरशातून आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहते, नीट पाहते, मग म्हणते, नाही. नवरा टूरवर असला की याच वेळी त्याचा फोन येतो. काय म्हणते, तो विचारतो. नाही म्हणते, मी सांगते. खरंच नाही ना, तो पुन्हा विचारतो, आणि ती दप्तर घेऊन दाराशी उभी असते.