वरच्या शेताचं पाणी

मला स्वप्नं फारशी पडत नाहीत. पाठ टेकली की झोप, उजाडलं की काम. पण गुंजीजवळच्या आमच्या गावातली ती भातलावणी आठवली की वाटतं, ती झोपेतच घडली असावी. चहूकडे धुकं, पोटरीभर चिखल, पाण्यात उतरलेलं पांढरं आभाळ, आणि त्या आभाळात हिरवा तरवा, भाताची कोवळी रोपं, खोचत मागेमागे सरकणाऱ्या दोघी. एक मी. दुसरी माझी चुलतसासू, जिला अख्खं गाव चेटकीण म्हणत होतं.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचा ताप हटत नव्हता. देवरुष्यानं सांगितलं, वरच्या अंगाला राहणाऱ्या बाईची करणी आहे. वरच्या अंगाला एकटी राहणारी बाई एकच, आमची काकी. पुढे खानापूरच्या दवाखान्यात पोराला टायफॉइड निघाला, औषधानं ते बरंही झालं. बोलणं मात्र तसंच राहिलं. आमच्याकडे लावणी पैऱ्यानं होते. आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या तुझ्या. त्या वर्षी काकीकडे कोणीच फिरकेना. तिचा तरवा पिवळा पडू लागला. आणखी थोडा उशीर झाला असता तर वर्षाचं भात गेलं असतं.

मी बेळगावच्या ऑफिसातून रजा काढून आले आणि चिखलात उतरले. जाऊ बांधावरून ओरडली, "आक्का, शहरात राहून लई शान्या झाला तुमी! तिच्या चिखलात पाय घालतासा?"

"तू तर रोजच घालतीस की," मी म्हटलं. "तिचं शेत सगळ्यांत वर. तिनं तुडवलेलं पाणीच खाली तुमच्या शेतात येतंय. त्याच पाण्याचा भात जेवताय सगळी. कुणाला शिंगं फुटली?"

ती पाय आपटत गेली.

दुपारी कुदळ घेऊन परत आली. पावसानं ओढ दिली होती, तिचं खालचं शेत सुकत चाललं होतं, आणि पाण्याची वाट काकीच्या बांधातूनच होती. मागायचं कसं, म्हणून नुसती उभी.

काकीनं कंबर सरळ न करताच म्हटलं, "बघतीस काय? फोड बांध. माझं पानी चावत न्हाय."

जावेनं बांध फोडला. पाणी खाली जाताना बराच वेळ बघत बसली. मग साडी खोचली, तरव्याची एक पेंडी उचलली आणि माझ्या शेजारी वाकली.

"घरात सांगू नगासा, काकी."

"न्हाय सांगत. पर वळीत लाव गं. वाकडं लावलंस तर तेबी माझ्याच नावावर."

जाऊ फसकन हसली. तिघी मागेमागे सरकत राहिलो. धुकं इतकं उतरलं की बांधही दिसेना. शेत संपलं हे टाचेला दगड लागला तेव्हाच कळलं.