आमच्या पडवीतली छताची फुलं

प्लॅस्टर कालवायच्या घमेल्याला रोज एक पापुद्रा चढतो. वर्षभरानं बघावं तर घमेलं जड आणि आत जागा कमी! माझ्या डोक्याचं तसंच झालंय. किस्से इतके चढलेत की नवीन काही मावत नाही. म्हणून आज थोडे खरवडतो. तुम्ही जरा लांब बसा, कपड्यांना लागेल.

पारनेरला आमच्या घराच्या पडवीत आम्ही प्लॅस्टरची फुलं करतो. झुंबराभोवती, पंख्याभोवती छताला लावायची. साचे मी करतो. त्यात प्लॅस्टर भरून मागून मजबुतीला काथ्या दाबते ती आमची मालकीण, म्हणजे बायको. शिडीवर चढून छताला बसवतो तो आमचा गडी रंगनाथ. माझं शिक्षण सातवी, तेही परीक्षकांच्या दयेनं. मुलगा सुनील मात्र शिकला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथं तो फॅक्टरीतली तयार फुलं विकतो आणि येता-जाता एकच पाढा म्हणतो, "आण्णा, हा पसारा बंद करा. पडवी मला गोडाऊनला द्या."

"मी मेल्यावर घे."

"असं नका बोलू, आण्णा!"

"बरं. मग मेल्यावरबी नको घेऊ!"

*

कालवलेलं प्लॅस्टर दहा मिनिटांत धरतं, दगड होतं. तेवढ्यात कुणी का येईना, हात दुसरीकडं न्यायचा नाही. रंगनाथला हे तोंडपाठ. पण एकदा त्याच्या पोरीला बघायला आलेल्या व्याह्यांची जीप आमच्याच दारात थांबली, आणि गड्यानं भरल्या हातांनी मिशीला पीळ दिला!

बोलणी सुरू झाली, चहा आला. रंगनाथचा वरचा ओठ हलेना. नुसता मान डोलावतोय. व्याही खूश! "माणूस लई गंभीर हाय," म्हणाले. लग्न तिथंच ठरलं.

पाहुणे गेल्यावर त्याला न्हाव्याकडं नेला. न्हाव्यानं मिशीवर टिचकी मारली. टण् वाजलं. त्यानं शांतपणे विचारलं, "कापू का फोडू?"

*

शेजारचे मास्तर शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले. म्हणायचे, "ही साधी रासायनिक क्रिया आहे रे, यात कसली आलीय कला?"

मी म्हटलं, "करून बघा."

पाण्यात पावडर हळूहळू सोडायची असते. मास्तरांनी बायकोच्या कुकरात पावडर भरली, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि पुढची कृती वाचायला चष्मा शोधायला गेले. चष्मा सापडेपर्यंत क्रिया पूर्ण झाली होती!

मास्तरीणबाई कुकर घेऊन आमच्या दारात, मागं मास्तर. मी तो उलटा केला, ठोकून बघितला आणि म्हटलं, "मास्तर, फूल झकास झालंय! फक्त कुकरसकट टांगावं लागंल."

*

राहात्याच्या एका बागायतदाराला हॉलमध्ये "इटालियन डिझाईन" पाहिजे होतं. इटली कुठल्या बाजूला ते मला ठाऊक नाही. मी मालकिणीचं पितळी तबक घेतलं, त्याच्यावरच साचा काढला आणि फूल ओतलं. बंगलेवाला खूश! येईल त्याला सांगायचा, "रोममध्ये असंच असतं."

वास्तुशांतीला आम्हाला आमंत्रण. मालकीण हौसेनं त्याच तबकात नारळ-खण घेऊन गेली. भटजींनी तबक पुढ्यात ठेवलं. मंत्र म्हणता म्हणता वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. मग म्हणाले, "यजमान, रोमचं ताट नगर जिल्ह्यात कधी आलं?"

*

पाथर्डीकडचं एक जोडपं. वर्षातले सहा महिने ऊसतोडीला. दोन खोल्यांवर स्लॅब टाकला आणि फूल सांगायला एसटीनं इथवर आले. मी म्हटलं, "तुमी तर निम्मं वर्ष घरात नसता. फूल बघणार कोण?"

बाई म्हणाली, "घराला नको का काई?"

मी आपली हुशारी दाखवायला म्हटलं, "कडेनं उसाची पानं काढू का? शोभंल."

बाईनं पदर खोचला. "आण्णा, घरात निजून वर बघायचं आन् तिथंबी ऊस? पान काडलं तर कोयता संगंच हाय, बगा!"

मोगरा काढून दिला. आजवरचं माझं सगळ्यात भारी फूल तेच.

*

शेवटी सुनील पैजच लावून आला. फॅक्टरीच्या फुलाचं खोकं माझ्यापुढं ठेवलं. "आण्णा, ह्याच्यासारखंच एक तुम्ही करा. दोन्ही इथंच छताला टांगा. रविवारी माझ्या दुकानातून माल नेणारे इंजिनीअर येतील. त्यांनी हातचं ओळखलं, तर दसऱ्याला पडवी रिकामी. नाही ओळखलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"टांगतो," मी म्हटलं. मालकीण परत काथ्या घेऊन बसली. लग्न झाल्यापासून ती ह्याच पडवीत बसून काथ्या भरतेय, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

रविवारी इंजिनीअर आले. बॅटरी मारून पंधरा मिनिटं वर बघत राहिले. मग बोट केलं, "डावीकडचं फॅक्टरीचं. मशीनशिवाय अशी कड येतच नाही. उजवीकडचं हातचं. पाकळ्या बघा, कमी-जास्त आहेत."

"झालं, आण्णा!" सुनीलनं टाळी वाजवली. "दसरा!"

रंगनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. खांदे गदगदत होते.

मी विचारलं, "साहेब, नक्की ना?"

"शंभर टक्के!"

"दोन्ही एकाच साच्यातली हायत, साहेब. आमच्याच."

साहेबांनी बॅटरी बंद केली. सुनील डावीकडं बघतोय, उजवीकडं बघतोय. "मग माझं फॅक्टरीचं फूल कुठाय?"

कोपऱ्यात मालकीण मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी त्या खोक्यावरच बसलेय. मेथी झाली की उठते."