दाराबाहेरचं स्टूल

"दार बंद असलं की बाहेर आपलं माणूस बसलेलं हवं," थोरली म्हणायची.

नात्याने ती कुणाचीच थोरली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघी धंदा करायच्या. वयाने मोठी ती थोरली, दुसरी धाकटी. एकीकडे गिऱ्हाईक असलं की दुसरी दाराबाहेर स्टुलावर कुणाचे तरी कपडे उसवत, शिवत बसायची. मधूनच खोकायची. बाहेर कुणी आहे, हे आतल्या माणसाला कळावं म्हणून. आतून भांडं आपटलं तर कात्री घेऊन दार ढकलायचं, असं ठरलेलं. अकरा वर्षांत कात्री दोनदाच उचलावी लागली.

मग नवा कायदा आला. एकटीने धंदा केला तर बाईला शिक्षा नाही. दोघी एका खोलीत सापडल्या तर तो अड्डा. झडतीला आलेल्या फौजदाराने विचारलं, "तू काय करतेस इथे?"

गप्प बसायचं सोडून थोरलीने मान ताठ करून सांगितलं, "हिची राखण करते."

त्याने तेवढंच लिहून घेतलं. अड्डा राखल्याबद्दल तीन महिने आत.

ती सुटून आली तोवर धाकटीचा डावा कान गेला होता. भांडं तिने आपटलं होतं. बाहेर रिकामं स्टूल होतं.

"त्या बाजूने शिव्या ऐकू येत नाहीत, तेवढाच आराम," धाकटी म्हणाली.

तेव्हापासून दोघी वेगळ्या राहत होत्या. कायद्यातल्या त्या अड्ड्याच्या कलमाचा फेरविचार करायला समिती बसली आणि थोरलीला जबाबासाठी बोलावणं आलं. जाताना ती धाकटीच्या खोलीवर डोकावली, तेव्हा धाकटीने बजावलं, "ताई, एकत्र राहू द्या म्हणावं. आणि रडू नकोस. रडलीस तर शिलाई मशीन देतील." मग उगाच हातातलं भांडं पुसत म्हणाली, "तीन वाजता एक जण येणार आहे. नवा आहे."

सकाळपासून बाकावर बसवून थोरलीला अडीचला आत घेतलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. धंदाच बंद करा म्हणणारे आणि चालू द्या म्हणणारे एकमेकांशी तावातावाने बोलत होते. अखेर अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"दाराबाहेर बसायची परवानगी."

"बसायचे किती घेता?"

"काही नाही. मी आत असते तेव्हा ती बसते."

एक सदस्या मायेने म्हणाली, "असं फुकट कुणी बसतं का हो? तुमचंही शोषणच झालंय, तुम्हाला कळत नाहीये. हे कलम तुमच्याच रक्षणासाठी आहे."

"त्याला खोकता येतं का?"

कारकून हसला आणि लगेच खाली बघू लागला. अध्यक्ष म्हणाले, कलम ठेवावं असंच बहुमत दिसतंय. मात्र तुमच्यासाठी शिवणकामाच्या वर्गाची शिफारस करू.

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. तीनला दहा कमी. धाकटीची खोली चालत अर्ध्या तासावर.

"जबाबावर सही राहिली, बाई," कारकुनाने पेन पुढे केलं.

तिने पिशवी काखोटीला मारली आणि सही न करताच बाहेर पडली.