निळ्या ड्रमाचा नेम

आमच्या गावात आता बऱ्याच घरांत कोपऱ्यात एक निळा ड्रम दिसतो. घट्ट झाकणाचा, झाकणावर पत्र्याची कडी आवळलेला. पूर आला, वीज गेली, रस्ता तुटला, तरी आठवडाभर घर आपल्या पायावर चालावं एवढं सामान त्यात असतं. पावसाळा तोंडावर आला की लोक तो रिकामा करतात, सामानाला ऊन दाखवतात आणि एक अख्खा दिवस फक्त त्या ड्रमावर काढतात. त्या दिवशी गॅस पेटत नाही, नळाला हात लागत नाही, लाईटचं बटण दाबलं जात नाही. याला आसपासच्या गावांतसुद्धा ‘काकांचा नेम’ म्हणतात. काका म्हणजे मी. तेलगावच्या बाजारात लोक मला थांबवून विचारतात, काका, ड्रमात अजून काय ठेवू. आधी मी सांगून पुढं जायचो. पण हा नेम माझा नाही. तो कुणाचा आहे आणि माझं नाव त्याला कसं चिकटलं, हे माझ्या हातानं लिहून ठेवायचं आहे.

आम्ही मूळचे धारूरच्या डोंगरातले. जमीन कोरडवाहू. दसरा झाला की मी आणि माझी बायको ऊस तोडायला कारखान्याला जायचो. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बैलगाडीवर बिऱ्हाड टाकायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाच्या कडेला कोपीत राहायचं. कोपी म्हणजे बांबूच्या कमानींवर टाकलेली प्लास्टिकची पन्नी, दुसरं काही नाही.

बिऱ्हाड बांधावं तर माझ्या बायकोनं. पत्र्याच्या एका पेटीत ती घर बसवायची. तळाशी अंथरूण आणि कपडे. त्यावर तवा, पातेलं, पिठाचा डबा, मीठ, चटणी, येसर. येसर म्हणजे डाळी, धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी होते आणि वर्ष वर्ष त्याला काही होत नाही. सगळ्यात वर पन्नी, दोरी, कोयता आणि डबीत बंद केलेली काडेपेटी. कारण फडावर पोचेपर्यंत दिवस मावळतो, आणि त्या वेळी पहिलं लागतं ते डोक्यावर छप्पर आणि दुसरा लागतो जाळ. आमच्या टोळीत एक नवी जोडी आली होती. त्यांनी पन्नी तळाशी घातलेली. पाऊस सुरू झाला आणि बिचाऱ्यांनी सगळा संसार चिखलात उपसला. माझी बायको स्वतःची कोपी उभी करून त्यांचीही बांधायला गेली. जाताना मला म्हणाली, “तुमी चुलीकडं बघा, मी आलेच.”

अशी बरीच वर्षं काढली. मग डोंगरातली जमीन आणि बैल विकून आम्ही तेलगावच्या अलीकडे नदीकाठच्या या गावात थोडी पाण्याची जमीन घेतली. इथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. पोरगा शिकला, केजला मास्तर झाला. त्याला बीडची सोयरीक आली. मुलीचे वडील कोर्टात कारकून. ते घर बघायला येणार म्हटल्यावर माझी नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली.

आदल्या दिवशी मी बायकोला म्हणालो, “ती पेटी काढ आता. कोयता कुठंतरी खुपसून ठेव.”

“कावून? पेटीनं काय केलं तुमचं?”

“लोक विचारतील कशाची म्हणून. भंगारात घाल.”

“आन् उद्या पाणी आलं, न्हाईतर आग लागली, तर? तवा-पातेलं तुमच्या हापिसातून येनार हाय का?”

तेव्हा माझं कुठलंही हापिस नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र मी ते उघडलं. कुणी काही विचारायच्या आत पाहुण्यांना सांगून टाकलं की मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला होतो. पोरगा कपातल्या चहाकडे बघत बसला. बायको पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात आली होती, तिनं ऐकलं. तिच्या नडगीवर कोयत्याचा लांब वण आहे. तिनं लुगडं जरा खाली ओढलं आणि ताटल्या ठेवल्या. पुढं सुनेनं तो वण पाहून विचारलं तेव्हा तिनं गवत कापताना विळा लागल्याचं सांगितलं. थाप माझी होती, तिचं ओझं तिला वाहावं लागलं.

पेटी मी भंगारात घातलीच. बायको उठली, तेलगावला गेली आणि एक निळा ड्रम घेऊन आली. स्टँडजवळच्या मुसलमान मेकॅनिककडून झाकणाला जुन्या ट्यूबचं रबर बसवून घेतलं होतं. पेटीतलं सामान त्याच क्रमानं ड्रमात गेलं. नंतर त्यात तुरटी, बॅटरी, गोळ्या-औषधं आणि रेशनकार्ड-सातबाऱ्याच्या नकला आल्या. कापसाच्या थोड्या वाळक्या पऱ्हाट्या पन्नीत गुंडाळून ठेवलेल्या, म्हणजे पावसातही चूल पेटावी.

पावसाळ्याआधी एक दिवस ड्रमावर काढायची पद्धत तिचीच. म्हणायची, वापरल्याशिवाय काय राहिलंय ते कळत नाही. सून घरात आल्यावर पहिल्याच वर्षी हा दिवस आला. सकाळी तिनं शेगडीकडे हात नेला, तर सासूनं अंगणात तीन दगडांवर चहा ठेवलेला.

“आत्या, गॅस संपला का?”

आत्याच्या आधी मीच बोललो. “आपल्या घरचा नेम आहे. देवीचा. आज गॅस पेटवायचा नाही.”

सूनबाई गुणी. तिनं डोक्यावर पदर घेतला, ड्रमाला हळद-कुंकू लावलं आणि वर फूल ठेवलं. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी शेताकडं निघून गेलो. त्यानंतर दर वर्षी सून ड्रमाची पूजा करायची. नातीलाही हात जोडायला शिकवलं.

मागच्या वर्षी परतीच्या पावसात नदी गावात शिरली. पोरगा केजला अडकलेला. घरात आम्ही दोघं, सून आणि नात. सकाळी मागच्या गल्लीतून पाणी आलं आणि बघता बघता उंबऱ्याला लागलं. मी कपाट उघडून उभा होतो, काय घ्यावं सुचत नव्हतं. बायको म्हणाली, “कपाट ऱ्हाऊ द्या. पोरीला खांद्यावर घ्या. सूनबाई, शेळ्या सोड. ड्रम मी आनते.”

तिनं ड्रम आडवा करून अंगणात लोटला. पाणी गुडघ्यावर आलं तसा तो तरंगायला लागला आणि ती तो नावेसारखा ढकलत निघाली. आम्ही शाळेच्या माळावर पोचलो. शाळेच्या खोल्या आधीच भरलेल्या. लोक पावसात मोबाईल वर धरून उभे होते, पण टॉवरही गेलेला.

बायकोनं कडी काढली. पन्नी, दोरी, कोयता, काडेपेटी. सगळं वरच. कोयता घेऊन ती बांधावरच्या निरगुडीकडे गेली आणि एका एका घावात फांद्या पाडल्या. सून बघतच राहिली. कमानी रोवल्या, पन्नी ताणली, भोवती चर खणला म्हणजे पाणी आत न येता बाजूनं निघून जाईल. मी आपोआप दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. इतक्या वर्षांनी हातांना सगळं आठवत होतं. जरा वेळानं आमच्या चुलीवर येसराची आमटी उकळत होती आणि शाळेतली लेकरं वाट्या घेऊन रांगेत बसली होती. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून, निवळून, उकळून पाणीही तिथंच मिळत होतं. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी मान वर करून उभा राहिलोय, पण त्या चुलीपाशी उभं राहताना जसं वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं.

माळाच्या दुसऱ्या अंगाला गावाबाहेरच्या वस्तीवरच्या ऊसतोड्यांच्याही कोप्या उभ्या राहिल्या होत्या. दसरा जवळ आलेला, त्यांची बिऱ्हाडं बांधायला सुरुवात झालीच होती. त्यातली एक म्हातारी आमच्याकडं विस्तव मागायला आली. तिनं कमानीची गाठ बोटानं चाचपली, चराकडं बघितलं.

“बाई, कोंच्या कारखान्याला जायचीस तू?”

बायकोनं एकदा माझ्याकडं पाहिलं. सून जवळच भाकरी भाजत होती.

“मी न्हाई. आमचे हे व्हते हापिसात.”

म्हातारी हसली. “हापिसातल्या बाईला अशी गाठ कुठं येती.” विस्तव घेऊन ती गेली. बायको चुलीत लाकूड सारत बसली.

पाणी ओसरलं, रस्ता सुरू झाला आणि पहिल्या जीपनं बीडहून सुनेचे वडील, म्हणजे माझे ईवाई आले. लेक आणि नात धडधाकट पाहून त्यांचे डोळे भरून आले. कोपीकडं बघून म्हणाले, “ईवाई, हे कुठं शिकलात तुम्ही?”

खरं सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. मी म्हणालो, “कारखान्यात आम्हाला ट्रेनिंग दिलेलं.”

बायको तीन हातांवर बसली होती. तिनं फक्त पातेल्यावर झाकण ठेवलं. 

हीच गोष्ट सरपंचापर्यंत गेली आणि त्यानं ग्रामसभेत माझा सत्कार ठेवला. “काका, घराघरानं काय तयारी ठेवायची यावर दोन शब्द बोला.” ईवाई मुद्दाम आले, पहिल्या रांगेत बसले. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. समोर उजवीकडं बायका. माझी बायको मागं बसलेली आणि तिच्या शेजारी ती वस्तीवरची म्हातारी. मी माईक धरून “कारखान्यात असताना” एवढं म्हणालो आणि म्हातारीनं हळूच तिच्या कानात काहीतरी विचारलं. माझ्या बायकोनं मान खाली घातली. गावात जिचा सत्कार व्हायचा ती बाई मान खाली घालून बसली होती, आणि ती मान मी खाली घातली होती.

मी शाल काढली. म्हणालो, “मी कारखान्यात नोकरीला नव्हतो. मी आणि माझी बायको ऊस तोडत होतो. ड्रम तिचा आहे. देवीचा नेम वगैरे काही नाही, ती माझी थाप. ती दर वर्षी बिऱ्हाड बांधायची आणि आम्ही दर वर्षी दोघं मिळून…”

“दर वर्षी न्हाई,” मागून आवाज आला. माझीच बायको. “तुमचा पाय मोडला त्या वर्षी मी भावासंगं गेलते. सांगायचं तर नीट सांगा.”

सभा हसली. मीही हसलो. सरपंच म्हणाला, “काकू, मग तुमीच या की फुडं.” ती आली, पण माईक घेतला नाही. ड्रम मागवला आणि सगळ्यांसमोर एकेक वस्तू बाहेर काढत बोलली. सुरुवात करायला विकत काही आणू नका, घरात हाय ते एका जागी ठेवा. जड खाली, घाईचं वर. वर्षातून एक दिवस त्यावर राहून बघा. औषधाची तारीख बघा. शेजारीण एकटी असंल तर तिच्या वाट्याचं पीठ जास्त ठेवा. म्हातारी मधेच म्हणाली, “मिरची सांगायची ऱ्हायली,” तर ही म्हणाली, “येसरात हाय की, बये.”

सून अजून धक्क्यातच होती. “आत्या, म्हणजे मी इतकी वर्षं ड्रमाची पूजा करत होते?”

“काय बिघडलं? पावला की.”

शाल बायकोच्या खांद्यावर मी घातली. ईवाई चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “आधी कळलं असतं तर आम्ही सोयरीक केली नसती असं वाटलं होतं तुम्हाला?”

“हो.”

त्यांनी कप खाली ठेवला. “खरं सांगू का, नसतीच केली. बरं झालं खोदून विचारलं नाही.” मग बायकोकडं वळले. “ईनबाई, आमचा तिसरा मजला आहे. ड्रम कुठं ठेवायचा?”

“पलंगाखाली जाईल एवढा घ्या. पानी नळाचं हाय तवर भरून ठेवा.”

सभेला होते त्यांनी हे सगळं ऐकलं. नव्हते त्यांच्यापर्यंत मात्र ‘काकांचा नेम’ एवढंच पोचलं, आणि नाव एकदा पडलं की बदलत नाही. म्हणून आता बाजारात कुणी विचारलं की मी थांबून सांगतो, आमच्या घरी या, मालकीणबाईंना विचारा. त्यांनी माझ्यासोबत ऊस तोडलाय.

मला वाटत होतं तिचा कोयता बैठकीत भिंतीवर लावावा. खिळाही ठोकला. ती म्हणाली, “तलवार हाय का ती? लागंल तवा हाताला आली पायजे,” आणि तो परत ड्रमात ठेवला.

यंदा ड्रम मी भरला. ती आली, झाकण काढून आत पाहिलं आणि सगळं बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून भरायला बसली. काडेपेटी मी तळाशी ठेवली होती.