फोमचा बोगदा

अगं गादीवाले,

हे वाचून तू भडकणार, ते मी धरूनच चालले आहे. पण शनिवारच्या गटात नवं माणूस आलं की विचारतं, दुकानातला तो फोमचा बोगदा कसला? आणि तू "जुना माल आहे" म्हणून त्याची बोळवण करतेस. मला त्याचा वीट आला. तुझी गोष्ट तुलाच सांगायला बसले तर वाक्यावाक्याला आडवी येशील, म्हणून "तू" सोडते आणि "ती" म्हणून सांगते.

ती सोफे-खुर्च्या मढवून देते. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बोलायची सवय, त्यामुळे निम्मं बोलणं कळत नाही आणि उरलेलं निम्मं ऐकवत नाही. दुकानाचं दार थंडीतही सताड उघडं. गिऱ्हाईक कुडकुडलं तर म्हणते, "शाल आणायची ना." आई गेल्यावर दोघी बहिणी मावशीकडे वाढल्या. धाकटीनं, म्हणजे हिनं, अंथरूण ओलं केलं की मावशी तिला कपाटात कोंडायची आणि कडी घालून बाजाराला जायची. 

वाचनालयामागच्या खोलीत दर शनिवारी अशी बालपणात पोळलेली माणसं जमतात. एक नर्स गट चालवते. एक निवृत्त बसचालक येतात, त्यांना सगळे काका म्हणतात. खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही; मला सगळे बाई म्हणतात.

मागच्या थंडीत हिच्या डाव्या डोळ्यापुढं धूसर व्हायला लागलं. टाका सरळ पडेना. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एमआरआय काढल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही, आणि फार थांबलात तर डोळा जाईल. ही दोनदा गेली आणि दोन्ही वेळा त्या नळीत डोकं जायच्या आत उठून पळाली. गुंगीचं औषध देतो म्हणाले, तर म्हणे, "म्हणजे झोपेत कोंडणार."

थोरली बहीण दुकानात येऊन बसली. "कपाट होतं गं, विहीर नव्हती. उभा जन्म गेला त्याला."

"ताई, कडीच्या कुठल्या बाजूला होतीस तू, ते आठव," एवढं म्हणून हिनं हातोडी उचलली. ताई चहा न घेता गेली.

गटानं शनिवारमागून शनिवार चर्चा केली. श्वास कसा घ्यावा, डोळे कसे मिटावेत. माझं डोकं उठलं. शेवटी काकाच म्हणाले, "नवा ड्रायव्हर आधी मोकळ्या मैदानात गाडी फिरवतो. हिला नळी हिच्या दुकानातच करून द्या."

करून कोण देणार? मापं हिनंच घेतली. प्लायवूड वाकवलं, आतून फोम लावला. नर्सनं घातलेले टाके उसवून पुन्हा घातले. आम्ही प्रत्येकानं आत झोपून पाहिलं. नर्स तर घोरायला लागली. हिचं मात्र आधी कपाळापर्यंत, मग हनुवटीपर्यंत, असं दमादमानं चाललं. काका तिचा पाय धरून बसायचे, बाकीचे पत्रा बडवायचे, कारण ते यंत्र खडखडतं. अंगठा दोनदा हलला की ओढून बाहेर काढायचं, असं ठरलं होतं. थंडी सरता सरता ती आत पडून गिऱ्हाइकांना शिव्या घालायला लागली. म्हटलं, झालं काम.

दवाखान्यात दारावरच्या मुलीनं विचारलं, सोबत कोण येणार, आणि अंगात काही धातू आहे का?

"गुडघ्यात सळई आहे," काका म्हणाले.

इतके शनिवार त्या माणसाच्या हातावर सगळी इमारत उभी केली, आणि सळई आज निघाली.

"अहो, आधी सांगता येत नव्हतं?"

"कुणी विचारलं?"

नर्सची त्या दिवशी ड्यूटी होती. उरले मी, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला आलेली.

"बाईंचा हात बर्फासारखा असतो," ही पांढरीफटक होऊन म्हणाली.

"मग मोजे घाल," मी म्हटलं.

"काढायला लावलेत." मग माझ्याकडे न बघता, "दोनदा हलवला की काढायचं. वाद घालायचा नाही, बाई."

"नाही घालत."

"जन्मभर दुसरं काय केलंत?"

ती आत गेली, मी तिचा पाय धरून बसले. यंत्र खडखडायला लागलं. मध्येच अंगठा एकदा हलला. मी काचेपलीकडं यंत्र चालवणाऱ्या मुलीला खूण करायला हात उचलला. तो दुसऱ्यांदा हलायला लागला, अर्ध्यावर थांबला आणि तसाच ताठ राहिला. याला दीड म्हणायचं की दोन, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मी हात तसाच हवेत धरला. अंगठा सावकाश सैल पडला.

मेंदूत गाठ नव्हती. डोळ्याच्या शिरेला सूज होती, ती औषधानं उतरली.

त्या दिवशी बाहेर येऊन बूट घालताना ती बाकाच्या फाटक्या रेक्झिनमध्ये बोट घालून म्हणाली, "यावर लहान पोरं बसतात वाट बघत. फुकट मढवून देते. मंगळवारी माप घ्यायला बरोबर या, बाई. एकटी नाही यायची मी."

पहिल्या मंगळवारी तुझ्याकडे लग्नाचे सोफे निघाले. पुढच्या मंगळवारी माझी कंबर. मग मी म्हटलं, फोनवर माप मागव, तर म्हणालीस, फोनवरच्या मापाची गादी कधी बसत नाही. बाक अजून फाटकाच आहे, म्हणून आज सकाळीही विचारलं. म्हणालीस, पुढच्या मंगळवारी बघू.