कारणाचा रकाना

वामनराव गेल्याचं मला सिविक सेंटरच्या बँकेत कळलं. रांगेतल्या कुणीतरी सहज सांगितलं, आणि माझा नंबर आला तरी मी तिथेच उभा राहिलो. त्याला आता महिना होतोय. लिहायला बसलोय ते त्यांचं कौतुक करायला कमी आणि स्वतःचं ओझं उतरवायला जास्त...

आमच्या छोट्या खासगी ओतकामाच्या कारखान्यात ते कार्मिक अधिकारी होते आणि मी फोरमन. भरती, रजा, बढती, भांडणं हे त्यांचं काम. पण या माणसाला धुळीचं वेड. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी फाटकाजवळच्या पेरूखाली नेत, ‘पानावरची हीच धूळ छातीत जाते’ म्हणत पांढऱ्या कापडाचा तुकडा देऊन पानं पुसायला लावत आणि तो तुकडा त्याच्या फायलीतल्या कागदावर टाचत. मग दर वर्षी बढतीच्या आधी प्रत्येकाने पुन्हा पुसायचं. कापड काळं निघालं तर शेजारच्या ‘कारण’ या रकान्यात ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. आम्ही त्यांना ‘पानपुशे’ म्हणायचो. मी तर तोंडावर म्हणायचो आणि ते हसायचे.

एका उन्हाळ्यात व्होल्टेज पडायला लागलं. भट्टी आणि धूळ ओढणारा पंखा एकाच वेळी चालेनात. माल वेळेवर जायला हवा होता, म्हणून मी आठवडाभर पंखा बंद ठेवायला लावला. पेरू काळवंडला, दोघे जण खोकून खोकून घरी बसले. चौकशी लागली तेव्हा सगळं पंखा चालवणाऱ्या दुकालूवर आलं. चौकशीला वामनरावच होते.

“रामभाऊ, पंखा कावून बंद होता?”

“मोटर खराब झालती,” मी म्हटलं. दुकालू समोरच उभा होता.

मोटर ठणठणीत होती, हे नोंदवहीत दिसतच होतं. वामनरावांनी दुकालूला सोडवलं आणि माणसं शिकवण्यात आपणच कमी पडलो, असं वर लिहून दिलं. त्यांची बढती गेली ती कायमची. मला मात्र चकार शब्दाने बोलले नाहीत. रुआबांधा वस्तीतल्या आपल्या घरी चहाला बोलवत राहिले आणि मीही निर्लज्जासारखा जात राहिलो. दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं. मग क्रिकेटचा विषय निघायचा...

परवा त्यांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत वामनरावांची खुर्ची होती तिथेच होती. खिडकीतून हात घालून लिंबोणीची पानं पुसायचं त्यांचं फडकंही गजाला अजून तसंच. वहिनींनी आतून एक लिफाफा आणून दिला. त्यात काळं पडलेलं कापड होतं आणि माझ्या फायलीतला त्या वर्षीचा कागद. ‘कारण’च्या पुढे मी तेव्हा कोरंच सोडलेलं.

“वहिनी, तो पंखा मीच बंद ठेवाले लावला होता.”

“त्याइले मालूम होतं,” त्या म्हणाल्या. “म्हनत, रामभाऊ लिवतील एक दिवस. वाट पाहून राहिले होते ते.”

मी पेन काढला, लिहिलं, खाली सही केली. सवयीने कागद खुर्चीकडे पुढे केला... आणि हात तसाच राहिला.